बंदुकीचा परवाना मिळाला म्हणजे बंदूक कमरेला लावून फिरता येतं का?

तारीख १७ डिसेंबर २०१९. नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू होतं, म्हणजे शहरात वर्षभरात सगळ्यात जास्त पोलीस असण्याचे दिवस. त्या रात्री वर्धा रोडवर तेव्हाचे महापौर संदीप जोशी यांच्या गाडीवर दुचाकीवरून आलेल्या हल्लेखोरांनी गोळ्या झाडल्या. जोशी बचावले. दुसऱ्या दिवशी विधिमंडळापासून पानटपरीपर्यंत याच गोळीबाराची चर्चा होती.

या घटनेच्या अवघ्या तीन दिवस आधी, १४ डिसेंबरला, देशाच्या शस्त्र कायद्यात गेल्या कित्येक वर्षांतले सगळ्यात मोठे बदल लागू झाले होते. ते फारसे कुणाच्या लक्षात आले नव्हते. अनेकांच्या ते आजही लक्षात आलेले नाहीत. इन्स्टाग्राम उघडून पाहा. कमरेला पिस्तूल लावून थारमधून उतरणारा दादा दिसेल, वरातीत हवेत बार काढणारे मामा दिसतील, तलवारीने केक कापणारा बर्थडे बॉय दिसेल. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘लायसन्सची आहे भाऊ, टेन्शन नाही.’

टेन्शन आहे. परवान्याची बंदूक असली तरी आहे.

महाराष्ट्राचा वेगळा बंदूक कायदा आहे का?

नाही. गोंधळ होतो तो अमेरिकेच्या बातम्या वाचून. तिथे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असतो. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल घेऊन बाहेर पडता येतं, तर न्यूयॉर्कमध्ये परवान्याशिवाय चालत नाही. डॅलस किंवा ह्यूस्टनला नोकरीला गेलेल्या आपल्याकडच्या पोरांनी तिथली मोकळीक बघून हुरळून जाऊ नये, कारण एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगायला तिथल्या केंद्रीय कायद्याचीच मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर हा नियम सगळ्या राज्यांत लागू होतो.

आपल्याकडे ‘शस्त्रे, बंदुका, दारूगोळा’ हा विषय राज्यघटनेने केंद्राच्या यादीत टाकला आहे. त्यामुळे नागपूर असो, पाटणा असो की पणजी, कायदा एकच आहे : शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६. अमेरिकेत बंदूक बाळगणं हा राज्यघटनेतला हक्क आहे, भारतात तो मूलभूत हक्क नाही. उत्तर प्रदेशातल्या बेकायदा बंदुकांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये हाच फरक बोलून दाखवला होता. आपल्याकडे बंदूक ही सरकारने एका माणसाला, एका कारणासाठी, काही अटींवर दिलेली परवानगी असते. या वाक्यातला एक शब्द जरी मोडला, तरी परवानगी धोक्यात येते.

पण कायदा एक असला तरी देशभर चित्र एकसारखं नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ३१ डिसेंबर २०१६ पर्यंतच्या आकडेवारीत देशात ३३.६९ लाख परवाने होते. त्यातले १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात ८४,०५०. कायदा केंद्राचा असला तरी परवान्यावर सही स्थानिक अधिकाऱ्याची असते, आणि प्रत्येक अधिकाऱ्याचा हात सारखा चालत नाही.

नागपुरात ही सही कुणाची?

तुम्ही शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल, तर पोलीस आयुक्तांची. काटोल, उमरेड, रामटेक अशा ग्रामीण भागात राहत असाल, तर जिल्हाधिकाऱ्यांची, कारण कायद्यातला ‘जिल्हा दंडाधिकारी’ म्हणजे तेच. जिथे पोलीस आयुक्त नेमलेले आहेत, तिथे या कामापुरते आयुक्तच दंडाधिकारी ठरतात. कामठी वेगळा तालुका असला तरी कामठीचं पोलीस ठाणं शहर आयुक्तालयात येतं. त्यामुळे अर्ज कुठे करायचा हे तालुक्यावरून नव्हे, पोलीस ठाण्याच्या हद्दीवरून ठरतं.

अर्ज आता केंद्राच्या शस्त्र परवाना पोर्टलवरून भरला जातो आणि प्रत्येक परवानाधारकाला एक युनिक नंबर मिळतो. हा नंबर नसलेला जुना परवाना वैध धरला जात नाही. कागदपत्रांत ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, मानसिक आणि शारीरिक आरोग्याचा डॉक्टरचा दाखला, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र आणि घरी ते कुलपात ठेवण्याची हमी, एवढं लागतं. वय किमान २१. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर ती संपल्यावर पाच वर्षं दार बंद. चांगल्या वर्तणुकीचा बाँड भरून दिलेला असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत बंद.

मग अर्ज चौकशीसाठी तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात जातो. रेकॉर्ड तपासलं जातं, शेजारीपाजारी विचारपूस होते. नियमानुसार पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. प्रत्यक्षात फाईल किती दिवस फिरते, हे सरकारी कचेरीची पायरी चढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना असतो तो ‘कशासाठी पाहिजे?’ पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला खरोखर धोका आहे का, त्याचा धंदा किंवा नोकरी तशी आहे का, हे अधिकाऱ्याने बघायचं असतं. खंडणीचे फोन येतात असं सांगायचं असेल, तर त्याची पोलिसांत तक्रार केलेली असावी. रोख रक्कम किंवा सोनं घेऊन फिरावं लागत असेल, तर त्या व्यवहाराचे कागद असावेत. ‘प्रतिष्ठा’ हे कारण कायद्यात कुठेही नाही. उलट कलम १४ सांगतं की केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून कुणालाही परवाना नाकारता येणार नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत जिवाला धोका असलेला ऑटोवाला आणि बंगलेवाला सारखेच. व्यवहारात परवाने कुणाच्या घरात जास्त दिसतात, हा प्रश्न मात्र उरतोच.

शेतकऱ्यासाठी वेगळी वाट

ही गोष्ट विदर्भात जास्त माहीत असायला हवी. रानडुकरं आणि रोही यांनी एका रात्रीत तूर, हरभरा साफ केल्याची तक्रार इथल्या प्रत्येक गावात ऐकू येते. कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक राखणीसाठी ठासणीची बंदूक हा स्वतंत्र प्रकार आहे. खऱ्या पीक राखणीसाठी ठासणीची बंदूक, स्वसंरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची साधी बंदूक (म्हणजे बारा बोअरसारखी) आणि रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीसाठी .२२ रायफल, या तीन गोष्टींसाठी कायद्याची भाषा ‘परवाना देईल’ अशी आहे. बाकी सगळ्यांसाठी ‘योग्य कारण असल्याची खात्री पटली तर’ अशी. अर्थात अर्जदार अपात्र असेल, तर या तिघांनाही नकार मिळू शकतो.

पण पीक राखणीची बंदूक म्हणजे प्राणी मारायची मुभा नव्हे. बार काढून कळप पळवून लावणं वेगळं आणि रानडुक्कर मारणं वेगळं. दुसऱ्यासाठी वनविभागाची परवानगी लागते आणि ती नसेल, तर शस्त्र परवाना खिशात असूनही वन्यजीव कायद्याखाली गुन्हा दाखल होतो.

परवान्याशिवाय बंदूक ठेवता येणारं ठिकाण भारतात आहे का, असं बरेच जण विचारतात. आहे, पण मोजक्यांसाठी. कर्नाटकातल्या कोडगूमधल्या कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे. केंद्राने ती ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली आहे. महाराष्ट्रात अशी सूट कुठल्याही समाजाला बंदुकीसाठी नाही. शिखांना कृपाण धारण करण्याचा हक्क राज्यघटनेनेच दिला आहे, तो वेगळा विषय.

परवाना मिळाला. आता घेऊन फिरायचं का?

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात.

शस्त्र नियम २०१६ मध्ये सार्वजनिक ठिकाणी बंदूक नेण्याबद्दल स्पष्ट तरतूद आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असेल, तर ते अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा बॅगेत असलं पाहिजे, मोठी बंदूक असेल तर तिच्या कव्हरमध्ये. ती पूर्ण झाकलेली पाहिजे आणि तुमच्या ताब्यात पाहिजे. ती बाहेर काढून मिरवायची नाही, कुणावर रोखायची नाही. सदरच्या हॉटेलात टेबलावर पिस्तूल ठेवून सावजी मटण खाणं, शर्ट खोचून मूठ दिसेल अशी ठेवणं, लग्नात फोटोसाठी हातात घेणं, यातलं काहीही परवान्यात बसत नाही. रील तर नाहीच नाही. रीलमध्ये तर तुम्ही स्वतःच्या विरोधातला पुरावा स्वतःच शूट करून, गाणं लावून, लोकेशन टाकून अपलोड करता.

परवान्याच्या अटी मोडल्या तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याहून मोठा फटका कलम १७ चा. सार्वजनिक शांततेसाठी गरज वाटली, तर अधिकारी परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतो, त्यासाठी आधी कोर्टात शिक्षा व्हावी लागत नाही.

पुण्याचं उदाहरण आठवत असेल. जुलै २०२४ मध्ये तेव्हाच्या प्रशिक्षणार्थी आयएएस पूजा खेडकर चर्चेत असताना त्यांच्या आई मनोरमा खेडकर यांचा एक जुना व्हिडिओ बाहेर आला. मुळशीत जमिनीच्या वादात त्या हातात पिस्तूल घेऊन शेतकऱ्यांशी बोलताना दिसत होत्या. गोळी झाडली गेली नव्हती. तरीही गुन्हा दाखल झाला, त्यांना महाडमधून अटक झाली आणि परवाना रद्द का करू नये, अशी नोटीस निघाली.

आणि हवेत गोळीबार? १४ डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने यासाठी स्वतंत्र गुन्हाच तयार केला. लग्न, वरात, मिरवणूक, देवस्थान, सार्वजनिक कार्यक्रम, कुठेही आनंदाच्या भरात बेपर्वाईने गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणाला लागलं नाही तरी. वर गेलेली गोळी खाली येतेच आणि कुणाच्या गच्चीवर येईल हे झाडणाऱ्याला माहीत नसतं.

त्याच दुरुस्तीने आणखी काही गोष्टी बदलल्या. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या, आता दोनच, आणि वारशाने आलेलीही त्यातच मोजली जाते. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. विनापरवाना बंदूक किंवा काडतूस सापडलं, तर पूर्वी एक ते तीन वर्षांची शिक्षा होती, ती दोन ते पाच वर्षं झाली. विनापरवाना बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांना सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत.

‘माझी नाही, बॉडीगार्डची आहे’

फेब्रुवारी २०२४ चा पहिला पंधरवडा महाराष्ट्र विसरलेला नाही. २ तारखेला उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, पोलीस अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये, तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे गटाचे महेश गायकवाड यांच्यावर गोळीबार केला. बंदूक परवान्याची होती. सहा दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाईव्ह सुरू असताना गोळ्या झाडून हत्या झाली. मारणाऱ्या मॉरिस नरोन्हाने नंतर स्वतःलाही संपवलं. त्याच्याकडे स्वतःचा परवाना नव्हता. वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं आणि त्या अंगरक्षकाचा परवाना उत्तर प्रदेशातला होता.

या एका प्रकरणात परवान्याचे दोन नियम समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला, बंदूक उसनी देता येत नाही. परवाना माणसाला असतो, घराला किंवा साहेबाला नाही. दुसऱ्याने ती हातात घेण्याची कायद्यातली मुभा अगदी अरुंद आहे : परवानाधारक सोबत असताना किंवा त्याच्या लेखी परवानगीने, तेही दुरुस्तीला नेण्यासाठी, नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी. बाबांच्या कपाटातली बंदूक काढून मित्रांसोबत फुटाळ्यावर फोटो काढणारा मुलगा कायद्याच्या भाषेत विनापरवाना शस्त्र बाळगणारा आहे. आणि कपाट उघडं ठेवणारे बाबाही अडचणीत येतात.

दुसरा, परवान्याला हद्द असते. तो कुठल्या भागात चालेल हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. सगळ्या देशात चालणारा परवाना सरसकट मिळत नाही. आणि परवानाधारक ३० दिवसांहून जास्त काळासाठी शस्त्र घेऊन दुसरीकडे राहायला गेला, तर त्याने नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्याला ३० दिवसांत कळवायचं असतं. बाहेरच्या राज्यातून आलेले सुरक्षारक्षक आज नागपुरातही मॉल, बिल्डर, सराफ्यांकडे बंदूक घेऊन उभे असतात. ठेवणाऱ्या मालकाने त्यांच्या परवान्यावरची हद्द आणि मुदत एकदा डोळ्याखालून घातली पाहिजे. बहुतेक जण फक्त आधार कार्डाची झेरॉक्स घेतात.

नाही म्हटलं, तर पुढे काय?

परवाना नाकारला, तर अधिकाऱ्याने कारण लेखी नोंदवायचं असतं आणि मागितल्यास त्याचा सारांश द्यायचा असतो. सार्वजनिक हिताला बाधा येणार असेल, तरच ते राखून ठेवता येतं. कलम १८ खाली वर अपील करता येतं. महाराष्ट्रात पोलीस आयुक्तांच्या नकारावरचं अपील गृह खात्याकडे, म्हणजे मंत्र्यांच्या टेबलावर जातं. आणि इथे कायदा राजकारणाच्या दारात येऊन उभा राहतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यातला नीलेश घायवळ याच्या भावाचं प्रकरण गाजलं. पुणे पोलिसांनी त्याला परवाना नाकारला होता. त्याने अपील केलं आणि गृह राज्यमंत्री योगेश कदम यांनी परवाना देण्याच्या बाजूने निर्णय दिला. अर्जदारावर त्या वेळी कुठलाही खटला प्रलंबित नव्हता, असं कदम यांचं म्हणणं होतं. विरोधकांनी राजीनामा मागितला. पुणे पोलिसांनी प्रत्यक्षात परवाना दिलाच नाही. अपील हा नागरिकाचा हक्क आहे, त्यात शंका नाही. पण ज्या पोलिसांना माणूस रस्त्यावर दिसतो त्यांचं म्हणणं एका सहीने फिरवता येत असेल, तर ती सही कशाच्या आधारावर झाली हे लोकांना कळायला हवं.

बीडमध्ये तर आकड्यांनीच धक्का दिला. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्यानंतर जिल्ह्यातले हवेत गोळीबाराचे, बंदुका मिरवण्याचे व्हिडिओ एकामागून एक बाहेर आले. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी समोर आणलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यात १,२२२ परवाने होते, शेजारच्या परभणीत ३२. दोन्ही जिल्ह्यांसाठी कायदा एकच. ओरड झाल्यावर प्रशासनाने छाननी केली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. जे छाननीत टिकले नाहीत ते मुळात दिले कसे गेले, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

तलवार, कोयता, एअरगन

बंदुकीचा कायदा केंद्राचा असला, तरी शस्त्र घेऊन रस्त्यावर येण्यासाठी महाराष्ट्राचा स्वतःचा एक कायदा आहे : महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१. त्याच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढतात. तलवार, भाला, सोटा, लाठी, बंदूक, सुरा, इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू घेऊन फिरायला या आदेशाने बंदी येते. एक आदेश एका वेळी १५ दिवसांपर्यंत असतो, पण सण, मोर्चे, अधिवेशन, निवडणुका यांच्या निमित्ताने एक संपला की दुसरा निघतो. मोडल्यास कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये ‘४/२५ सह १३५’ असं वाचलं असेल, तर तो १३५ हाच.

त्यातला ४/२५ शस्त्र कायद्याचा. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी नसलेली धारदार शस्त्रं यात येतात. घरातली विळी, शेतातला कोयता कायद्याने शस्त्र नाही. पण ऊस तोडायचा कोयता रात्री अकराला गल्लीत नाचवला, तर तो कशासाठी आणला हे पोलिसांना पटवून द्यावं लागतं. दसऱ्याला देवघरात तलवारीची पूजा आणि चौकात तलवारीने केक यांत फरक आहे. केकवाल्यांच्या अटका राज्यभर झाल्या आहेत आणि बहुतेक वेळा पोलिसांना पत्ता त्यांच्याच स्टेटसवरून मिळाला आहे.

एअरगनबद्दल थोडक्यात : .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त जोर नसलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. त्याहून ताकदीची असेल, तर लागतो. ऑनलाइन घेताना बॉक्सवर हे दोन आकडे बघायचे.

देशी कट्ट्याबद्दल तर एवढंच : त्याला परवाना मिळतच नाही. महाराष्ट्रात पकडले जाणारे बरेच कट्टे मध्य प्रदेशाच्या सीमेवरून येतात. बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीचं नाव पोलिसांच्या कारवायांत वारंवार येतं, ते गाव जळगावच्या चोपडा तालुक्याला खेटून आहे. ‘फक्त ठेवायला दिला होता’ हा बचाव चालत नाही. संजय दत्तनेही कुटुंबाच्या रक्षणासाठी शस्त्र ठेवल्याचं सांगितलं होतं. शस्त्र कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी त्याची पाच वर्षांची शिक्षा ठरवली आणि येरवड्यातून तो सुटला २५ फेब्रुवारी २०१६ ला. त्याच्याकडच्या शस्त्रांत एके-५६ सोबत ९ एमएम पिस्तूल होतं. हा बोअर आजही सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित आहे.

विमानतळ, निवडणूक आणि आजोबांचं कपाट

परवानाधारकांना हमखास अडकवणारी जागा म्हणजे विमानतळ. बॅगेच्या कोपऱ्यात राहिलेलं एक काडतूस स्कॅनरमध्ये दिसतं आणि विमान सोडून पोलीस ठाण्यात जावं लागतं. न्यायालयांनी अशा प्रकरणांत ‘जाणीवपूर्वक ताबा’ होता का हे पाहिलं आहे आणि खरोखर विसरलेल्या काडतुसाचे गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्दही केले आहेत. पण तोवर वकिलाची फी आणि तारखा चुकत नाहीत. शस्त्र विमानाने न्यायचंच असेल, तर चेक-इनच्या वेळी विमान कंपनीला आधी सांगून, रिकामं करून, सामानातून न्यायचं असतं. केबिनमध्ये नाही.

निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यातून शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. सगळ्यांचीच शस्त्रं सरसकट उचलायची नसतात, कुणाचं जमा करायचं हे छाननी समिती ठरवते. जामिनावर असलेले, गुन्हे दाखल असलेले, पूर्वी दंगलीत नाव आलेले यांच्याकडे आधी बघितलं जातं. बँकेचा सुरक्षारक्षक किंवा राष्ट्रीय स्पर्धेची तयारी करणारा नेमबाज असेल, तर लेखी अर्ज करून सूट मागता येते.

आणि एक प्रसंग, जो महालातल्या किंवा धंतोलीतल्या जुन्या घरांत कधीही येऊ शकतो. आजोबा जातात. तेराव्यानंतर कपाट आवरताना कापडात गुंडाळलेली बारा बोअर आणि जुन्या काडतुसांचा डबा निघतो. परवाना आजोबांच्या नावावर होता, तो त्यांच्यासोबत संपला. आता ती बंदूक घरात राहणं म्हणजे घरातल्या जिवंत माणसाने विनापरवाना शस्त्र ठेवणं. कलम २१ प्रमाणे ती विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची. हातात घेऊन गाडीवरून निघायचं नाही, आधी ठाण्यात फोन करून सांगायचं. ती आठवण म्हणून घरात ठेवायची इच्छा असेल, तर वारस म्हणून स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करता येतो. परवानाधारक हयात असतानाही, त्याचं वय ७० झालं किंवा परवान्याला २५ वर्षं झाली, की वारसाला असा अर्ज करता येतो. अर्जाचा निकाल लागेपर्यंत शस्त्र जमाच राहतं, त्यामुळे जमा करताना बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती मागून घ्यायची आणि ती परवान्याच्या पुस्तकासोबत जपून ठेवायची.